टिंब सरकलं की कुत्रा!

एक आडवी रेघ मारा. वरून सुरू होऊन तिला छेदत डावीकडे उतरणारी दुसरी रेघ ओढा. जिथे छेद पडला तिथून उजवीकडे उतरणारी तिसरी. हात पसरून, पाय फाकवून उभा राहिलेला माणूस दिसतोय ना? हे झालं 'दा', म्हणजे मोठा. आता त्याच्या पायांमध्ये एक टिंब द्या. झालं 'थाय', म्हणजे फार, अती. तेच टिंब उचलून उजव्या खांद्याच्या वर नेऊन ठेवा, तर 'च्युएन', म्हणजे चक्क कुत्रा! टिंब पुसून त्या माणसाच्या डोक्यावर आडवी रेघ मारली तर आकाश. आणि डोकं त्या रेघेतून जरा वर काढलं तर नवरा.

चिनी लिपीत काना-मात्रा नाहीत, पण म्हणून ऱ्हस्व-दीर्घातून सुटका झाली असं समजू नका. एक उभी आणि दोन आडव्या रेघा: खालची आडवी लांब असेल तर माती, वरची लांब असेल तर विद्वान. झाडाच्या अक्षरावर वरच्या बाजूला जास्तीची रेघ मारा. ती आखूड असेल तर 'अजून नाही', लांब असेल तर 'शेवट'.

म्हणून चिनी अक्षर नुसतं बघून पाठ करायला गेलं की घोळ होतो. ते बोटांत मुरवावं लागतं. आणि ते मुरवण्याची चिनी रीत इतकी सुंदर आहे की ती सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

वहीचं नावही अक्षरच

चिनी शाळकरी मुलांच्या सरावाच्या वहीत चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोनाच्या आत एक आडवी, एक उभी अशा तुटक रेघा. या आखणीला 'शेत-अक्षराची चौकट' म्हणतात, कारण 'शेत' हे अक्षर नेमकं असंच दिसतं: चौकोन आणि त्यात अधिकचं चिन्ह. आत तिरप्या रेघाही असतील तर ती 'तांदूळ-अक्षराची चौकट'. तांदळाच्या अक्षरात अधिक आणि फुली एकत्र येतात.

चौकटीचा नियम कडक आहे. अक्षर एका रेघेचं असो की छत्तीस रेघांचं, जागा तेवढीच मिळणार. छत्तीस हा आकडा हवेतला नाही. नाक चोंदल्यामुळे आवाज गेंगाणा येणं यासाठी एक अक्षर आहे, त्याचा उच्चार 'नांग' आणि त्यात ३६ रेघा आहेत. सर्दी बरी होईल, अक्षर पुरं होणार नाही!

कित्ताही आहे. त्याला 'लाल गिरवणं' म्हणतात. लाल शाईत छापलेल्या अक्षरावरून काळ्या शाईनं हात फिरवायचा. लाल रंग कुठेही डोकावता कामा नये.

आधी आत जा, मग दार लावा

'तोंड' या अक्षराचा आकार म्हणजे साधा चौकोन. त्यात रेघा किती? कोणीही चार म्हणेल. चिनी हिशेबात त्या तीन आहेत. डावी उभी ही पहिली. वरची आडवी आणि उजवी उभी, कोपऱ्यावर वळून, हात न उचलता काढायची, ती दुसरी. तळाची तिसरी. हा काथ्याकूट नाही. छापील शब्दकोशात अक्षर शोधायचं तर त्याचा मुख्य भाग ओळखायचा आणि उरलेल्या रेघा मोजायच्या. मोजणी चुकली की अक्षर सापडत नाही.

क्रमाचे नियम थोडेच आहेत. वरून खाली. डावीकडून उजवीकडे. आडवी-उभी एकमेकींना छेदत असतील तर आडवी आधी. आणि चौकट असेल तर आधी आतली मंडळी बसवायची, तळाची रेघ मारून दार सर्वांत शेवटी लावायचं. 'देश' हे अक्षर असंच लिहितात: तीन बाजूंची भिंत, आत जेड हे रत्न, मग तळाची रेघ. त्याच चौकटीत रत्नाऐवजी माणूस ठेवला तर होतो कैदी.

इतका आग्रह कशासाठी? भराभर लिहिताना रेघा एकमेकींना जोडल्या जातात. ठरलेल्या क्रमानं आलेला हात जिथे जिथे घसटतो, तिथले दुवे वाचणाऱ्याला ओळखू येतात. भलत्याच क्रमानं लिहिलं तर भलतेच दुवे उमटतात आणि घाईचं अक्षर कोणालाच लागत नाही. मोबाइलवरही एक पद्धत आहे: रेघांचे फक्त पाच प्रकार, पाच कळा. आडवी, उभी, डावीकडे उतरती, टिंब आणि वळणारी. क्रमानं दाबत गेलं की अक्षर समोर येतं. क्रम येत नसेल तर ही पद्धत निरुपयोगी.

गंमत म्हणजे 'राजा' हे अक्षर चीनमध्ये आणि जपानमध्ये छापल्यावर सारखंच दिसतं, पण चीनमध्ये दोन आडव्या मारून मग उभी ओढतात आणि जपानी मुलं एका आडवीनंतरच उभी ओढतात. कागदावरून कोणाला पत्ता लागणार नाही, हात बघितला तर लगेच लागेल.

एका अक्षरात आठ धडे

सुलेखन शिकणाऱ्याला बहुतेक वेळा ज्या अक्षरावर खिळवून ठेवतात ते म्हणजे 'योंग', अर्थ चिरंतन. आजच्या मोजणीत त्यात पाचच रेघा आहेत, पण कुंचल्याच्या आठ मूलभूत हालचाली त्यात येतात. त्यांची जुनी नावं ऐकण्यासारखी आहेत. आडव्या रेघेचं नाव घोड्याचा लगाम खेचणं. डावीकडे उतरणाऱ्या छोट्या तिरप्या रेघेचं नाव पक्ष्यानं चोच मारणं. चढत्या रेघेचं नाव चाबूक. आकड्याचं नाव उडी. म्हणजे रेघ कशी दिसावी हे सांगतच नाहीत. ती काढताना मनगटात काय घडायला हवं, ते सांगतात. मला वाटतं, हस्ताक्षर शिकवण्याची याहून नेमकी भाषा सापडणं कठीण.

या अक्षराचा मान एका मैफलीशी जोडलेला आहे. इसवी सन ३५३ चा वसंत. शाओशिंगजवळच्या लानथिंग इथे मित्रमंडळी ओढ्याकाठी बसली होती. पाण्यावर मद्याचे प्याले सोडलेले. प्याला ज्याच्यासमोर थांबेल त्यानं कविता करायची, नाही जमली तर दंड म्हणून प्यायचं. त्या दिवशीच्या कवितांना वांग शीझी या सुलेखनकारानं प्रस्तावना लिहिली. तिची अक्षरं ३२४ आणि त्यातलं अगदी पहिलं 'योंग'. याच प्रस्तावनेत 'झ' हे साधंसं अक्षर वीसेक वेळा येतं आणि दर वेळी वेगळ्या वळणाचं! परंपरा सांगते की वांगनं नंतर पुन्हा तसं लिहायचा प्रयत्न केला, पण ती बहार परत आली नाही. मूळ प्रत थांग सम्राट थायझोंगला इतकी प्रिय होती की ती त्याच्याबरोबर पुरली असं म्हणतात. आज आपण बघतो त्या सगळ्या नकला. याच वांगला हंसांचं वेड होतं. बदकांसारखे ते पांढरे हंस मिळावेत म्हणून त्यानं अख्खा ग्रंथ लिहून दिल्याची गोष्ट चीनमध्ये लहान मुलांनाही ठाऊक असते.

आईजवळ घोडा का?

'मा' म्हणजे आई. तिकडेही! आणि हे अक्षर बनतं 'बाई' आणि 'घोडा' या दोन भागांचं. आईचा घोड्याशी संबंध इतकाच की घोड्याला चिनीत 'मा' म्हणतात, फक्त सूर वेगळा. डावा भाग अर्थाची दिशा दाखवतो, उजवा उच्चाराची. ८० टक्क्यांहून जास्त चिनी अक्षरं अशाच जोडणीची आहेत. किडा आणि घोडा: मुंगीचं 'मा'. तोंड आणि घोडा: वाक्याच्या शेवटी येणारं प्रश्नार्थक 'मा', आपल्या 'का' सारखं. घोड्याच्या डोक्यावर दोन तोंडं: शिव्या घालणं. एक घोडा शिकलात की अर्धा तबेला तुमचा.

'छिंग' या भागाचंही असंच गोत आहे. शेजारी पाणी आलं तर स्वच्छ, सूर्य आला तर निरभ्र, हृदय आलं तर भावना, वाणी आली तर विनंती.

जागा मिळावी म्हणून हे भाग अंग चोरतात. जोडाक्षरात आपला 'स' जसा अर्धा होऊन पुढच्याला टेकतो, तसं पाणी डाव्या बाजूला गेलं की तीन थेंबांचं उरतं आणि हृदय तीन रेघांत उभं राहतं. जागा बदलली की अर्थही बदलू शकतो. 'हरवणं' वर आणि हृदय खाली: विसरणं. तेच हृदय अंग चोरून डावीकडे आणि 'हरवणं' उजवीकडे: कामात गढलेला. दोन्ही ठिकाणी हरवलं आहे ते मनच!

काही अक्षरं तर बघताक्षणी कळतात. दोन झाडं म्हणजे राई, तीन म्हणजे जंगल. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती. वर लहान, खाली मोठा म्हणजे टोकदार. 'नाही' आणि 'सरळ' एकावर एक म्हणजे वाकडं. 'वर' आणि 'खाली' एकमेकांत अडकले की अर्थ अडकणं.

मात्र प्रत्येक गोड गोष्ट खरी नसते. 'पूर्व' हे जुन्या पद्धतीचं अक्षर झाडामागून उगवणारा सूर्य आहे असं जवळपास दोन हजार वर्षं सांगितलं गेलं. हाडांवर कोरलेलं त्याचं सर्वांत जुनं रूप बघितलं तर ते दोन्ही टोकांना बांधलेलं बोचकं निघतं. व्यवस्थापनाच्या भाषणांत हमखास येणारा दावाही असाच: 'संकट' या चिनी शब्दात धोका अधिक संधी आहे म्हणे. केनेडींनी १९५९ मध्ये भाषणात तो वापरला आणि तो जगभर पसरला. त्यातलं जे 'जी' अक्षर संधी समजलं जातं, त्याचा तिथला अर्थ आहे कलाटणीचा, नाजूक क्षण.

तरी 'जी' जरूर शिका, कारण ते कामाचं आहे. उडतं 'जी' म्हणजे विमान, हातातलं 'जी' म्हणजे मोबाइल. इथे त्याचा अर्थ यंत्र. तसंच 'द्येन', म्हणजे वीज. विजेचं बोलणं म्हणजे टेलिफोन, विजेच्या सावल्या म्हणजे सिनेमा, विजेचा मेंदू म्हणजे कॉम्प्युटर. एक अक्षर शिकण्यात जेवढे कष्ट असतात, त्याहून कितीतरी जास्त शब्द ते मिळवून देतं.

चेकवर वेगळेच आकडे

चिनी 'एक' म्हणजे एक आडवी रेघ. दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. शिकायला किती सोपं आणि खाडाखोड करायला त्याहून सोपं! एकावर उभी रेघ मारली की दहा. म्हणून बँकेच्या कागदांवर वेगळे, भरगच्च आकडे वापरतात. तिथला 'एक' बारा रेघांचा असतो. चिनी नोटांवरही हेच आकडे छापलेले असतात.

कोणते झांग?

'मी झांग' असं कोणी सांगितलं तर पुढचा प्रश्न येतो: कोणते? मग उत्तर मिळतं, 'धनुष्य-लांब झांग' किंवा 'उभा-सकाळ झांग'. अक्षर उलगडून त्याचे भाग सांगायचे, ही आडनाव सांगण्याची रोजची पद्धत. एवढ्यानं कळलं नाही तर बोटानं तळहातावर काढून दाखवायचं.

तारेच्या जमान्यात ही सोय नव्हती. तेव्हा प्रत्येक अक्षराला चार आकडी क्रमांक दिला गेला. पाठवणारा अक्षरांचे आकडे करायचा, घेणारा आकड्यांची अक्षरं. तार गेली, पण हाँगकाँगच्या ओळखपत्रावर नावाखाली हे चार-चार आकडे अजूनही छापतात.

आपल्याकडून गेलेली अक्षरं

बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना भाषांतरकारांपुढे अडचण होती: भारतातल्या कल्पनांना अक्षरं कुठून आणायची? बुद्धाला मोहात पाडू पाहणाऱ्या माराचं नाव लिहायला आधी 'दळणं, घासणं' या अर्थाचं अक्षर उच्चारासाठी घेतलं जाई. पुढे त्यातला तळाचा दगड काढून तिथे भूत बसवलं आणि 'मो' हे नवं अक्षर जन्मलं. चिनीत आज जादूसाठी जो शब्द आहे, त्यातही हा मार आहेच. स्तूपासाठी 'था' हे अक्षर घडलं, आता तिकडे कोणत्याही मनोऱ्याला ते लागतं. 'क्षण' तर उच्चारासकट गेला: 'छाना', दोन अक्षरी, अर्थ तोच. स्वस्तिकालाही चिनी शब्दकोशात अक्षराचा मान आहे. उच्चार 'वान', दहा हजार या संख्येसारखाच.

आणि मग सोलापूर. १९३८ मध्ये काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक चीनला धाडलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. तिथे पाचही जणांच्या चिनी नावांच्या शेवटी एकच अक्षर आलं: 'हुआ', म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दीहुआ'. त्यांनी चिनी बोलायला आणि लिहायलाही शिकून घेतलं. चिनी लिपीचं सरकारी सुलभीकरण १९५६ मध्ये सुरू झालं, म्हणजे कोटणीस जी अक्षरं शिकले ती जुन्या, भरगच्च वळणाची. आजचं 'हुआ' सहा रेघांत उरकतं, तेव्हाचं जवळपास दुप्पट होतं. रणभूमीजवळच्या इस्पितळात शस्त्रक्रिया करता करता ही लिपी हाताला लावून घेणारा माणूस! १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना आणि गुओ छिंगलान यांना मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं 'यिनहुआ'. 'यिन' भारतासाठी, 'हुआ' चीनसाठी. त्याच वर्षी ९ डिसेंबरला कोटणीस गेले. व्ही. शांतारामांच्या चित्रपटामुळे त्यांची कहाणी आपल्याला माहीत आहे, मुलाच्या नावातली ही दोन अक्षरंही माहीत असावीत.

नवी अक्षरं पाडणारी टांकसाळ

चीनच्या इतिहासात स्वतःच्या नावानं सम्राटपदी बसलेली स्त्री एकच, वू झेत्येन. तिनं काही अक्षरंच नव्यानं काढायला लावली. स्वतःच्या नावासाठी तिनं ठेवलं 'झाओ': रित्या आकाशावर सूर्य आणि चंद्र दोन्ही एकाच वेळी. सत्ता गेली आणि तिची बहुतेक अक्षरंही गेली. हे एक राहिलं.

'तो' आणि 'ती' यांना चिनीत एकच उच्चार आहे, 'था'. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अक्षरही एकच होतं. ल्यू बाननोंग या कवीनं १९२० च्या सुमारास स्त्री-खूण असलेलं वेगळं 'था' रुजवलं. भरपूर नवी अक्षरं लागली ती मात्र रसायनशास्त्राला. तिथे प्रत्येक मूलद्रव्याला एकच अक्षर हवं. धातू असेल तर 'सोनं' हा भाग, वायू असेल तर 'हवा'. हायड्रोजन म्हणजे हवा आणि 'हलका' यातला अर्धा. ब्रोमीन म्हणजे पाणी आणि दुर्गंध, ज्यानं ती बाटली उघडली आहे त्याला हे लगेच पटेल. अगदी २०१७ मध्येही नव्या चार मूलद्रव्यांची अक्षरं जाहीर झाली.

आणि 'ब्यांग'! शेन्शी प्रांतातल्या रुंद, लांबलचक नूडल्सचं हे नाव. जुन्या वळणात ५८ रेघा. चंद्र, घोडा, हृदय, वाणी, सुरी असं काय काय एकत्र कोंबलेलं. ते लक्षात राहावं म्हणून लोकांनी गाणं रचलं आहे. कॉम्प्युटरच्या युनिकोडमध्ये त्याला २०२० साली जागा मिळाली. तोवर दुकानाच्या पाटीवर ते रंगवायचं किंवा चित्र म्हणून चिकटवायचं.

पेन उचललं आणि...

'पेन उचललं आणि अक्षर विसरलं' यासाठी चिनीत चार अक्षरांचा नेहमीचा शब्दप्रयोग आहे. आज तो घरोघरी लागू पडतो, कारण रोमन अक्षरांत उच्चार टाइप केला की पर्यायांची रांग समोर येते. निवडायचं फक्त. ही रोमन पद्धत म्हणजे १९५८ ची पिनयिन. तिच्या घडणीत मुख्य वाटा असलेले झोऊ योग्वांग २०१७ मध्ये गेले तेव्हा १११ वर्षांचे होते. ओळखणारा डोळा शाबूत राहतो, पण लिहिणारा हात गंजतो. २०१३ मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीवर शुद्धलेखनाची स्पर्धा झाली. 'भेक' हा रोजचा शब्द प्रेक्षकांतल्या मोठ्यांना लिहायला सांगितला तेव्हा तो ३० टक्क्यांनाच जमला.

परक्यांना ही सवलत आता अधिकृत आहे. चिनी भाषेच्या २०२१ च्या नव्या मानकात ३,००० अक्षरं ओळखायला सांगितली आहेत, हातानं लिहायला फक्त १,२००. माझं मत विचाराल तर त्या बाराशेंत कसूर करू नका. लिहून शिकलेलं अक्षर माती आणि विद्वान यांच्यात गोंधळत नाही.

आणि शिकून झाल्यावर हात शिवशिवत असतील तर आनयांगला जा. १८९९ मध्ये औषधाच्या दुकानांत 'ड्रॅगनची हाडं' म्हणून विकल्या जाणाऱ्या तुकड्यांवर कोरीव अक्षरं असल्याचं वांग यीरोंग या विद्वानाच्या ध्यानात आलं. ती होती सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीची, राजाच्या शकुनप्रश्नांची नोंद. त्यांत साडेचार हजारांच्या आसपास वेगवेगळी अक्षरं आहेत आणि लागली आहेत ती जेमतेम एक तृतीयांश. आनयांगच्या राष्ट्रीय लिपी-संग्रहालयानं २०१६ मध्ये जाहीर केलं: न लागलेलं अक्षर पुराव्यानिशी वाचून दाखवा, दर अक्षरामागे १,००,००० युआन देऊ.